उदईकपत्राची एक दुरुस्ती

श्री वाग्देवी, जिचे बोटास शाई लागली तरी जी विटत नाही, ती लिहिणारावर प्रसन्न असो. शके सत्राशे त्र्याण्णव, प्रजापती संवत्सरी, फरासिसांचे मुलखी परचक्र निवाले आणि नदीकाठच्या राजधानीत मुसा वासेर नामे गृहस्थांनी राजकारणाचे रोजचे वर्तमानपत्र उभे केले. मुसा म्हणजे तिकडचे रावसाहेब. पत्र दोन प्रहरी निघावे, आगगाडीने परगण्यांत जावे आणि तेथे दुसरे दिवशी पोचावे, सबब माथ्यावर तारीख उद्याची घालीत. मग लोक त्यास उदईकपत्र म्हणू लागले, आणि राजधानीची माणसे जेवण आटोपून उद्याचा दिवस मांडीवर घेऊन बसत, आणि आजचा दिवस नदीवरच्या धुक्यासारखा निघून जाई, कोणास त्याची खंत नसे. मंत्री पडावयाचे ते आधी पत्रात पडत, मग गादीवरून. अकरा वर्षे लोटली आणि एक ओळ खोटी निघाली नाही, याचा मुसा वासेर यांस मोठा डौल होता, आणि तो त्यांस शोभतही होता.

बारावे वर्षी पत्राचेच लेखक मुसा तिबो यांनी लढाईखात्याची लबाडी उघडी केली, सबब दरबाराने फितुरी ठरवून देहान्त सांगितला. उद्या सूर्योदयी शिरच्छेद व्हावयाचा, आणि उद्याचे पत्र तर आजच निघावयाचे. वासेर यांनीच तिबोस हाताला धरून लिहावयास शिकविले होते. मग ते कोरा कागद ओढून बसले, आणि घड्याळ चालले, आणि लेखणी चालेना. तेव्हा छापावयाच्या अक्षरांचे खिळे जुळविणाऱ्या मदाम क्लोतील्द, ज्यांचा शब्द छापखान्यात कोणी मोडीत नसे, त्या दारात येऊन उभ्या राहिल्या. मुसा म्हणाले, "मारिले म्हणून लिहवत नाही, आणि गाळावे तर पत्र खोटे."

बाई म्हणाल्या, "उद्या अजून उजाडला कोठे, मुसा? लिहा काय ते, गाडी सुटेल."

मग मुसांनी डोळे मिटले आणि झोपेत लिहावे तसे लिहिले की, आज प्रातःकाळी हुजुरांनी तिबोस प्राणदान दिले.

पत्र निघाले आणि शहर हरखले. लोक फुले घेऊन वाड्यापुढे गेले, आणि टोप्या काढून हुजुरांस दुवा देऊ लागले, आणि हुजूर सज्जात येऊन चकित जाहले, कारण त्यांनी कोणास काही दिलेच नव्हते. प्रधान म्हणाले, छापणारास धरून आणावे. परंतु हुजुरांच्या बाईसाहेबांनी तोवर फुले पाण्यात घातली होती, आणि त्या म्हणाल्या, "आता ही परत कोणत्या तोंडाने करावी?" हुजूर फुलांकडे बहुत वेळ पाहत राहिले, मग कागद मागवून सही केली. सूर्योदयी तिबो सुटले आणि चालत छापखान्यात आले, आणि मुसा वासेर त्यांचे गळा पडून रडले, उगीच आवरले नाही.

मग डोळे पुसून त्यांनी लगेच पुढल्या पत्राकरिता दुरुस्ती लिहिली: "तिबोंच्या सुटकेची बातमी छापते समयी खरी नव्हती. मागाहून जाहली. वाचकांनी क्षमा करावी." आणि खुर्ची तिबोंस दिली. तिबो रागावले, म्हणाले, आपले लिहिणे खरे झाले, मग जाणे कशास? मुसा म्हणाले, "झाले, म्हणूनच. मनासारखे लिहावे आणि ते व्हावे, याची गोडी मला कळली. आता माझे हाती पत्र राहू नये."

येणेप्रमाणे उदईकपत्राची हकीकत. पत्र पुढेही चालले, उद्याची तारीख घालीतच चालले. मुसा वासेर नदीकाठी राहू लागले, आणि रोज दोन प्रहरी पत्र विकत घेऊन तसेच घडी करून ठेवीत, आणि वरची तारीख उजाडली म्हणजे मग उघडीत.