स्मरणार्थ ग्रिल

इंदापूर रस्त्यावरचं एक हॉटेल बंद पडलं, तेव्हा मालकाने आपलं जुनं गॅस ग्रिल भंगारात घालण्याऐवजी सणसरच्या महिला बचत गटाच्या अध्यक्ष कुशाबाई यांच्या हवाली केलं. चार चाकं, खाली बर्नर, वर जाळी आणि त्यावर पेटीसारखं झाकण, असं ते यंत्र होतं. झाकण गंजलं होतं, जाळी तुटली होती आणि बर्नरमध्ये कुंभारमाश्यांनी घरं केली होती.

कुशाबाईंना मात्र त्यात बारामती दिसली. बारामतीत संध्याकाळी फिरायला निघणारी मंडळी हल्ली भाजलेलं कणीस खात नाहीत, ग्रिल्ड कॉर्न खातात. कणीस तेच असतं, पण चुलीवरून उतरलं तर गावठी ठरतं आणि ग्रिलवरून उतरलं तर आरोग्यदायी, हे कुशाबाईंनी स्वतः पाहिलं होतं. तिथे गाडा लागला तर गटातल्या बायकांची उसातली खुरपणी सुटणार होती. पात्यांनी कापलेले हात घेऊन उन्हात वाकायचा सगळ्यांनाच वीट आला होता, आणि कुशाबाईंची तर कंबरच गेली होती.

बायकांनी तारेच्या ब्रशने गंज खरवडला. बर्नर सोड्याच्या पाण्यात उकळले, टाचणीने एकेक भोक मोकळं केलं. उरला रंग. त्यासाठी उष्णता सोसणारा काळा रंग लागतो आणि तो सणसरात मिळत नाही, असं कळताच विजयसिंह धावून आले. विजयसिंह हे गावचे भावी जिल्हा परिषद सदस्य, आणि गावाला आठवतंय तेव्हापासून ते भावीच होते. त्यांनी रंगाचा डबा दिला आणि बदल्यात काहीही मागितलं नाही. फक्त झाकणाच्या कोपऱ्यात, बारीक अक्षरांत, सौजन्य म्हणून नाव असावं एवढंच सुचवलं. नाव घालायला म्हस्कू पेंटर आला. त्याचा हात उसाच्या ट्रॉल्यांवर बसलेला, बारीक अक्षर त्याला माहीत नव्हतं. विजयसिंह पिवळ्या रंगात, लाल सावलीसह, अख्ख्या झाकणावर पसरले.

विजयसिंहांच्या भावकीतल्या राजेश्वरीताईंनी ते वाचलं आणि त्यांना घास गोड लागेना. त्यांनी नवी जाळी दिली, सासरे कै. आप्पासाहेब यांच्या स्मरणार्थ. झाकण बाहेरून भरलेलं असल्याने नाव आतून घालायचं ठरलं. जागा ऐसपैस होती, म्हणून म्हस्कूने फोटोवरून फेट्यातले आप्पासाहेबही काढले. झाकण उघडलं की आप्पासाहेब जाळीकडे बघत असत.

मग गावाला राहवेना. रेग्युलेटर देणारा डाव्या बाजूला गेला, नळी देणारा उजव्या. सँडपेपर देणाऱ्याने आपल्या आजीचं नाव घातलं. ज्यांनी काहीच दिलं नव्हतं, ते ‘मौलिक मार्गदर्शन’ या सदराखाली पायांवर उतरले. काळा रंग कुठे दिसेना. ज्यांनी गंज खरवडला होता, त्यांची नावं कुणाला आठवली नाहीत, आणि कुशाबाईंनीही घाईत ती सांगितली नाहीत.

लोकार्पणाला मांडव पडला, भाषणं झाली, नारळ फुटला. कुशाबाईंनी जाळीवर कणसं मांडली आणि लायटर पुढे केला. तेवढ्यात राजेश्वरीताई उठल्या.

“कुशाबाई, आमच्या मामंजींच्या तोंडाखाली जाळ करताय व्हय?”

“आवो, त्याच्यासाठीच तर जाळी दिली न्हवं तुमी?”

“दिली ती आठवणीसाठी. भाजायसाठी न्हाय.”

विजयसिंहांचं राजेश्वरीताईंशी आयुष्यात पहिल्यांदाच एकमत झालं. निवडणुकीच्या तोंडावर आपल्या नावातून धूर निघणं बरं न्हाय, असं ते म्हणाले. सँडपेपरवाल्याला आजी आठवून भरून आलं. तिथल्या तिथे ठराव झाला, की सदर ग्रिल पेटवण्यात येऊ नये, बाकी वापरास हरकत नाही. टाळ्या झाल्या. कुशाबाई हातात लायटर घेऊन उभ्या राहिल्या. त्यांना रडू आलं नाही, संताप आला. उद्या पुन्हा खुरपं हातात घ्यायचं या विचाराने तो आणखी वाढला.

पण ठराव त्यांनी नीट ऐकला होता. दुसऱ्या दिवशी टेम्पोत घालून त्यांनी ग्रिल बारामतीला नेलं आणि गाड्यापुढे हार घालून उभं केलं. मागे घमेल्यात कोळसे फुलवून बायका कणसं भाजू लागल्या. ग्रिल समोर असल्यामुळे कणसं ग्रिल्डच होती. गिऱ्हाईक वाढलं. ही चव घरच्या गॅसवर येत नाही, असं डॉक्टरमंडळी एकमेकांना सांगू लागली, आणि गटातल्या बायकांची खुरपी माळ्यावर गेली.

एका संध्याकाळी नारायणराव आले. बँकेतून साहेब म्हणून निवृत्त झालेले, गटाचं खातं त्यांनीच उघडून दिलेलं, त्यामुळे कुशाबाईंच्या घरच्या कार्यांना त्यांना मानाचं बोलावणं असे. कणीस खाता खाता त्यांनी ग्रिलला प्रदक्षिणा घातली, वाकून पायांवरचं मार्गदर्शनही वाचलं, झाकण उघडून आप्पासाहेबांना भेटले आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले.

“काय हो हे, कुशाबाई,” ते म्हणाले. “आपल्या लोकांना नावाचा केवढा सोस.”

हसून त्यांना ठसका लागला. कुशाबाईंनी घरून आणलेला स्टीलचा तांब्या पुढे केला. नारायणरावांनी तो घेतला, पण तोंडाला लावला नाही. खोकत खोकत तो हातात फिरवून ते काहीतरी शोधू लागले.

“तुमीच दिल्याला हाय, सायब. आमच्या सईच्या लग्नात.”

“ते ओळखलं मी. पण नाव पुसट झालंय,” नारायणराव हिरमुसून म्हणाले. “घासताना जरा जपत जा.”

तुम्ही हसलात. तुम्ही गेल्या लग्नात दिलेला डबा नाव न टाकता दिला असेल, तर आणखीही खुशाल हसा.