पीएचडीला सोसायटीची हरकत नाही

माझ्या सासूबाई न्हाणीघरात पडल्या आणि त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन करून घरी आणलं त्याच दिवशी शिरोडकर काका भेटायला आले. लोक भेटायला येताना शहाळं आणतात, मोसंबी आणतात. काकांनी फॉर्म आणला.

"आधी इथे सही करा," ते सासूबाईंना म्हणाले. "तुम्ही स्वखुशीनं उत्तर देताय, असं लिहिलंय. आता सांगा, दुखणं एक ते पाचमध्ये किती?"

"सहा," सासूबाई म्हणाल्या.

"सहाचा पर्याय नाही."

"मग उठा."

सासूबाई तीस वर्षं शाळेत मास्तरीण होत्या. त्यांनी काकांना तिथल्या तिथे उठवलं. काका दारात चपला घालता घालता मला हळूच म्हणाले, "उत्तर नाकारलं, असं लिहितो. तोही डेटाच आहे."

असे हे आमचे शिरोडकर काका. मुलुंड पूर्वेला आमची चार मजली बिल्डिंग आहे, तिची मी सेक्रेटरी. हौसेनं नाही हो, सर्वसाधारण सभेला मी नेमकी दहा मिनिटं उशिरा पोचले आणि बाकीच्यांनी तेवढ्यात मला बिनविरोध निवडून टाकलं. तेव्हापासून लीकेज, पार्किंग आणि शिरोडकर काका ही तिन्ही खाती माझ्याकडे आहेत.

काका भांडुपच्या एका पंप बनवणाऱ्या कंपनीत स्टोअर्स मॅनेजर होते. वय आज बासष्ट. या वयात माणसं काशी-रामेश्वर करतात, नाहीतर नातवंडांना बागेत नेतात. काकांना पीएचडी करायची आहे. तीही मॅनेजमेंटमध्ये. आणि तीही फुकट नाही, फेलोशिप घेऊनच. म्हणजे विद्यापीठानं फी माफ करायची आणि वर काकांना दरमहा पैसेही द्यायचे.

"फंडेड," काका एक बोट वर करून म्हणतात. "फुल्ली फंडेड. त्याखाली बोलायचं नाही."

जगात कुठेही अशी जागा निघाली की काकांना आधी कळतं. मग बिल्डिंगच्या ग्रुपवर, जिथे बाकीचे लोक गुलाबाची फुलं टाकतात, तिथे काकांचा मेसेज येतो: 'शुभ सकाळ. फिनलंडमध्ये दोन जागा. शेवटची तारीख परवा.' पहिल्या मजल्यावरचे मेहता गेली तीन वर्षं त्याला नमस्काराचे हात पाठवतात. मेहतांचं कपड्यांचं दुकान आहे, दहावीनंतर ते शाळेच्या रस्त्यानंही गेलेले नाहीत. नोटीस बोर्डावर 'उद्या टाकी साफ होणार' याच्या शेजारी 'व्यवस्थापनशास्त्रातील अनुदानित संशोधनाच्या संधी' असा कागद असतो. मी तो काढते, काका दुसरा लावतात. शेवटी मीच थकले आणि त्यांना स्वतंत्र चार टाचण्या दिल्या.

काकांनी संशोधनाचा विषय बाहेर शोधला नाही. तो आमच्याच बिल्डिंगच्या तळमजल्यावर, रस्त्याकडच्या गाळ्यात होता. तिथे शुभाकाकूंचं, म्हणजे त्यांच्या बायकोचं, पोळीभाजी केंद्र आहे. काकू आणि सहा बायका. अर्धं मुलुंड त्यांच्या पोळ्यांवर जगतं. काकांना प्रश्न पडला, की दिवसभरात किती पोळ्या लागणार हे या बायका ठरवतात कसं? वही नाही, मीटिंग नाही. सकाळी काकू पिठाच्या डब्यात हात घालतात, कमलकडे बघतात, कमल मान हलवते, झालं. आणि संध्याकाळी फार तर दोन-चार पोळ्या उरतात.

"हे कुठल्या पुस्तकात नाही, मंजिरी," काका मला म्हणाले. "मी कंपनीत तीस वर्षं स्टॉक मोजला. कायम एक तर जास्त, नाहीतर कमी. या बायका मोजतच नाहीत!"

झालं. काका स्टूल टाकून केंद्रात बसायला लागले. हातात पॅड. "कमल, आज कणीक वाढवायचा आत्मविश्वास एक ते पाचमध्ये?" कमल ही केंद्रातली सगळ्यात जुनी बाई, मूळची कुडाळची, जिभेला हाड नाही. ती म्हणाली, "काका, पाय उचला, पीठ सांडलाहा."

एवढ्यावर भागलं असतं. पण काकांनी कॉम्प्युटरवर आलेख काढला आणि त्यावरून जाहीर केलं, की संकष्टीला लोक उपास करतात, तेव्हा त्या दिवशी पोळ्या निम्म्या करा. काकू गावाला गेल्या होत्या, बायकांनी मालकीणबाईंचा नवरा म्हणून ऐकलं. अहो, वाट लागली! संध्याकाळी साडेसातलाच पोळ्या संपल्या आणि लाइन कोपऱ्यावरच्या केमिस्टपर्यंत गेली. लोक मला फोन करायला लागले, जशा काही पोळ्याही सोसायटीच्या मेन्टेनन्समध्ये येतात. दुसऱ्या दिवशी काकू आल्या. त्यांनी एकच वाक्य ऐकवलं, "उपास बाईचा असतो, घराचा नसतो. ज्या दिवशी तिचा उपास, त्या दिवशी बाकीच्यांची पोळी बाहेरून येते." आणि काकांचं स्टूल उचलून गाळ्याबाहेर, फुटपाथवर ठेवलं. तेव्हापासून काका बाहेरून संशोधन करायला लागले. निरीक्षकानं अंतर राखायचं असतं, असं म्हणायचे.

मग एक दिवस परदेशातल्या एका विद्यापीठाचं उत्तर आलं. विषय आवडला, दोन शिफारसपत्रं पाठवा. आता बासष्टाव्या वर्षी शिफारसपत्रं कुठून आणायची? काकांचे प्रोफेसर कधीच वर गेलेले. कंपनी बंद पडलेली. काका माझ्याकडे आले.

"तू सेक्रेटरी आहेस. लेटरहेड आहे, शिक्का आहे. दे."

मला शिफारसपत्र येत नाही हो. मला ना-हरकत दाखला येतो. मी तोच नमुना उघडला, जो घराचं काम काढणाऱ्यांना देते, आणि नावं बदलली. 'श्री. शिरोडकर हे आमचे सभासद असून त्यांच्याकडे कोणतीही थकबाकी नाही. त्यांनी पीएचडी केल्यास सोसायटीची हरकत नाही. मात्र सदर पीएचडी करताना इमारतीच्या कॉलम व बीमला धक्का लागू नये, व दुपारी दोन ते चार काम बंद ठेवावे.' शेवटचं वाक्य खोडायचं राहिलं, देवाशप्पथ. खाली गोल शिक्का. काकांनी ते अभिमानानं जसंच्या तसं इंग्रजीत केलं.

दुसरं पत्र सासूबाईंनी दिलं. एव्हाना त्यांचा खुबाही बरा झाला होता आणि रागही. त्यांनी लिहिलं: 'चिकाटी उत्तम. हजेरी नको इतकी. अक्षर सुधारण्यास वाव.'

मला वाटलं, संपलं सगळं. पण त्या लोकांनी मुलाखतीला बोलावलं! बहुतेक त्यांनाही बघायचं होतं, ही कुठली माणसं आहेत.

मुलाखत सोसायटीच्या ऑफिसात झाली, दुपारी, व्हिडिओवर. काका कोटात. बाकी बिल्डिंग दाराबाहेर, मुलगी बघायला मंडळी आल्यासारखी. मेहतांनी ढोकळाही आणला. कॉम्प्युटर बंद पडू नये म्हणून मी बाजूला बसले होते. पडद्यावर तीन माणसं होती, मधल्या पांढऱ्या केसांच्या बाई मुख्य दिसत होत्या.

काका छान बोलले, खरंच. मग बाईंनी विचारलं, "तुमचा आलेख चुकला आणि बायका बरोबर निघाल्या, असं एखादं उदाहरण?" काकांनी न लाजता संकष्टी सांगितली. उपास बाईचा असतो, घराचा नसतो, हे त्यांनी इंग्रजीत सांगितलं तेव्हा त्या बाई हसल्या आणि त्यांनी ते लिहून घेतलं. काकांच्या कानाची पाळी लाल झाली.

तीन आठवड्यांनी पत्र आलं. प्रवेश मिळाला होता. फेलोशिप मात्र दुसऱ्या कुणाला गेली होती. स्वखर्चानं करायची असेल तर या, घरी राहूनही करता येईल, स्वागत आहे.

बिल्डिंगमध्ये पेढे वाटले गेले. मेहतांनी अभिनंदनाचा फलक छापायला टाकला. आणि काकांनी कळवून टाकलं: नको.

मी पेटले. तीन वर्षं नोटीस बोर्ड, तीन वर्षं फॉर्म, माझा शिक्का, सासूबाईंचं पत्र, आणि हा माणूस नको म्हणतो! त्यांचा पोरगा दुबईहून पैसे पाठवायला तयार होता. मी तडक खाली गेले. काका गाळ्याबाहेर स्टुलावर बसले होते. आत बायका संध्याकाळच्या पोळ्या लाटत होत्या.

"काका, चिक्कूपणाला पण लिमिट असते हां!" मी म्हणाले. "पैसे नाहीत असं तर नाही ना?"

"पैशाचं नाही गं."

"मग कशाचं?"

काका खालच्या आवाजात म्हणाले, "कंपनीत कुणी विचारायचं, मिसेस काय करतात? मी सांगायचो, काही नाही, पोळ्या लाटते, टाइमपास. हिच्यासमोर सांगायचो. मग कंपनी बंद पडली. सात वर्षं घर त्या टाइमपासवर चाललं. पोराचं इंजिनियरिंग पण. मी तेव्हाही काही बोललो नाही." त्यांनी चष्मा काढला. "आता मी माझ्या पैशानं अभ्यास केला तर काय, रिटायर्ड नवऱ्याची हौस. बाहेरच्या कुणीतरी, मोठ्या माणसांनी, पैसे मोजून म्हणायला हवं ना, की हिनं जे केलं ते शिकण्यासारखं आहे. म्हणजे मग मला ते हिच्या हातात देता आलं असतं."

माझा आवाज मुळातच मोठा. "अहो, पण मग हे काकूंना सांगितलंत का तुम्ही?" मी जवळजवळ ओरडलेच.

आतून काकूंचा आवाज आला. "काय सांगायचंय मला?"

लाटणी थांबली. काका उठून दारात उभे राहिले. सहा बायका आणि काकू त्यांच्याकडे बघत होत्या. मला वाटलं, आता हे काहीतरी डेटाबिटा काढतील. पण काका म्हणाले, "शुभा, मी याला टाइमपास म्हणायचो. चुकलं माझं. तू जे चालवलंस ते मला कधी जमलं नसतं. सगळ्यांसमोर म्हणायचो, म्हणून सगळ्यांसमोर सांगतो."

काकूंनी पिठाचा हात तसाच मनगटानं डोळ्याला लावला.

"अहो," त्या म्हणाल्या, "एवढं सांगायला तुम्ही परदेशात निघाला होतात?"

कमल फिस्सकन हसली आणि लगेच पदराला नाक पुसायला लागली. मी पण रडत होते, खोटं कशाला सांगू. काकूंनी परात पुढे ओढली.

"हात धुवून या," त्या म्हणाल्या. "पोळ्यांना तेल लावायला माणूस कमी आहे."

काकांनी कोपरापर्यंत हात धुतले आणि आत जाऊन पाटावर बसायला लागले. गुडघे काही दुमडेनात. तेव्हा कमलनं आपल्याखालचा उंच पाट काढून त्यांच्याकडे सरकवला, आणि स्वतः खाली फरशीवर बसली.