कारलं घर पाहायला येतं

मिरजेच्या मंडईतल्या भाज्या घर पाहिल्याशिवाय कुणाकडे जात नाहीत. बटाटा तेवढा अपवाद. त्याला कुणीही उचलावं. ब्रोकोली हल्ली फक्त व्यायामशाळेत जाणाऱ्या तरुणांची स्थळं पाहते आणि आठवड्याभरात फ्रिजमध्ये पिवळी पडून परत येते. मुलांच्या डब्यात जायला गाजर राजी असतं, पण संध्याकाळी डबा मंडईतल्या त्याच्या घरच्यांना उघडून दाखवावा लागतो. कारल्याचं मात्र फार अवघड. ते माणसं पारखून घेतं.

आमचे शेजारी प्रभाकर कुंभोजकर यांची साखर वाढली आणि डॉक्टरांनी कारलं सांगितलं. कारल्याने त्यांना दोनदा नकार कळवला. त्यांच्या पत्नी शैलाताई रडकुंडीला आल्या, कारण त्यांच्या वडिलांना याच साखरेने अंथरुणाला खिळवलं होतं. शेवटी मी मध्यस्थी केली. मंडईत माझ्या शब्दाला थोडी किंमत आहे. पालेभाज्या तर मला मामाच म्हणतात.

रविवारी सकाळी कारलं आलं. माझ्या पिशवीतून उतरून ते सोफ्यावर बसलं आणि त्याने पंखा कमी करायला सांगितलं. पाहायला कुणी आलं की आपल्याकडे हात आपोआप पोह्यांकडे जातो, तसे शैलाताईंनी कांदेपोहे केले होते. कारल्याने बशीकडे बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "हा कांदा घर पाहून आला होता का?"

शैलाताई म्हणाल्या की हो, दोन्ही खोल्या पाहिल्या त्याने, तेलाचा डबासुद्धा उघडून पाहिला. कारल्याचं समाधान झालं.

मग रीतसर चौकशी सुरू झाली. कुंभोजकरांनी सांगितलं की ते आता नाचणीची आंबील घेतात आणि रोज संध्याकाळी चालायला जातात. चालणं खरं होतं. ते वडापावच्या गाडीपर्यंत होतं. त्यांची आठ वर्षांची रेवा म्हणाली, मोड आलेली मटकी तिला आवडते, पण शाळेत ती मैत्रिणीला देऊन टाकते. शैलाताईंना कुणी काही विचारायच्या बेतात नव्हतं, तेव्हा कारल्यानेच विचारलं. आपलं काय, उरलंसुरलं, असं त्या म्हणाल्या.

इथे कुंभोजकरांनी घात केला. बोलता बोलता त्यांनी पोह्यांतला कढीपत्ता आणि कोथिंबीर वेचून बशीच्या कडेला लावली, आणि शैलाताईंनी सवयीने ते सगळं आपल्या बशीत ओढून घेतलं. कारलं ताठ बसलं.

"उद्या या घरात कारलं शिजलं, तर ते कुणाच्या पोटात जाईल?"

मी छताकडे पाहू लागलो. रेवाने सांगून टाकलं, "आईच्या."

"बाईंची साखर कशी आहे?"

"एकदम उत्तम," कुंभोजकर म्हणाले. त्यांना वाटलं, निदान इथे तरी गुण मिळतील.

"मग माझं इथे काम नाही," असं म्हणून कारलं उठलं.

मी पुष्कळ मनधरणी केली. पण कारल्याची मनधरणी किती करणार, त्याचा स्वभाव जगजाहीर आहे. ते दारापर्यंत पोचलं तेव्हा शैलाताईंना राहवलं नाही.

"अहो, मला तुम्ही हवे आहात," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "कटकट करत का होईना, पण हवे आहात."

कुंभोजकर कानापर्यंत लाल झाले. त्यांनी बायकोच्या बशीतला कढीपत्ता परत घेतला आणि पान न् पान चावून खाल्लं. कोथिंबिरीच्या काड्याही सोडल्या नाहीत. कारलं उंबऱ्यापाशी थांबून सगळं पाहत होतं.

"मीठ चोळून पिळायचं नाही," ते म्हणालं. "गूळ घालायचा नाही. आणि चिरायचं यांनी. पुरलं नाही तर मंडईत माझे भाऊ आहेत."

भाऊ लगेच आले. कुंभोजकरांनी जन्मात पहिल्यांदा विळी घेतली. चकत्या फारच जाड झाल्या. "जरा पातळ," असं कारल्याने सुरुवातीला सुचवलं, नंतर ते काही बोललं नाही. दुपारी कुंभोजकर तोंड वाकडं करत जेवले आणि त्यांनी दोनदा वाढून घेतलं. बापाची फजिती पाहण्याच्या नादात रेवानेही आपलं पान स्वच्छ केलं. मग शैलाताई कढई निपटायला स्वयंपाकघरात गेल्या, तर कढईत काहीच नव्हतं. झारा त्यांनी जागेवर ठेवला. मग त्यांनी परातीत मूठभर पीठ घेतलं आणि त्या स्वतःसाठी एक गरम भाकरी थापायला बसल्या.