चिलखतातले खैरे

सोसायटीच्या वार्षिक सभेला खैरे चिलखत घालून आले होते. आमच्या सभा कशा चालतात हे ज्याला ठाऊक आहे, त्याला यात वावगं काही वाटणार नाही. पण खैऱ्यांचा तसा हेतू नव्हता. "नवीन आहे. अंगाला सवय व्हायला हवी," एवढंच म्हणाले आणि पहिल्या रांगेत बसले. बसले म्हणजे काय, प्लास्टिकची खुर्ची बिचारी चारी पाय फाकवून खाली गेली. खैरे उठले, अंग झटकलं, खुर्चीचा मागचा भाग वाचला आणि म्हणाले, "चिलखत साडेअकरा किलो, मी बहात्तर. खुर्चीवर शंभर किलोचा शिक्का आहे. फसवणूक झालेली आहे. नोंद घ्या."

मी सोसायटीची सेक्रेटरी, म्हणजे नोंद मीच घ्यायची. "खुर्ची एक, मोडली. कारण: मध्ययुग," असं मी इतिवृत्तात लिहिलं. पुढच्या सभेत ते मंजूरही झालं, कारण आमच्याकडे इतिवृत्त कोणी वाचत नाही.

मुरलीधर खैरे वजनमापे खात्यात निरीक्षक होते. ते निवृत्त झाले, खातं काही त्यांच्या अंगातून गेलं नाही. आमच्या कर्वेनगरच्या कोपऱ्यावरचा भाजीवाला अजूनही ते लांबून दिसले की काटा पुसायला घेतो. "अंदाजे" हा शब्द त्यांच्यासमोर काढायची सोय नाही. "खैरे, अंदाजे किती वाजता परत याल?" असं विचारलं, की ते थांबतात, चष्मा काढतात आणि म्हणतात, "अंदाजे म्हणजे माहीत नाही. तसं सरळ म्हणावं." लग्न केलं नाही. मुलीच्या माहितीपत्रकातली उंची त्यांनी पट्टी घेऊन पडताळायला मागितली असणार, असा आमच्या बिल्डिंगचा कयास आहे. खोटं कशाला बोलू, तो कयास पहिल्यांदा मीच मांडला.

निवृत्तीनंतर लोक हास्यक्लबात जातात, सुगम संगीताच्या क्लासला जातात, नाहीतर सेक्रेटरीला पत्रं लिहितात. खैऱ्यांनी कुठेतरी जुन्या काळच्या लढाया चिलखत घालून खेळणाऱ्या लोकांचा व्हिडिओ बघितला. दुसऱ्या कोणाला तलवारी दिसल्या असत्या. यांना दिसलं, की चिलखताच्या कड्या एका मापाच्या नाहीत. "तीन जागी फरक आहे. ढळढळीत दिसतोय," ते मला जिन्यात अडवून म्हणाले. तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं.

खैरे राहतात बरोबर माझ्या डोक्यावर. तार आणली, लोखंडी गजावर गुंडाळली, करवतीने कापून तिच्या कड्या पाडल्या. मग एकेका कडीत चार कड्या अडकवून पकडीने तोंडं मिटवत बसले. वर्षभर माझ्या छतावर टिक, टिक, टिक. प्रत्येक कडी मोजायची, पाव मिलिमीटर जरी फरक निघाला तरी पत्र्याच्या डब्यात टाकायची. डब्यावर लेबल: "बाद". मी एकदा बघितलं, तर अंगातल्या चिलखतापेक्षा बाद कड्यांचा ढीग मोठा होता. मात्र दुपारी एक ते चार सगळं बंद. त्या बाबतीत माणूस अस्सल पुणेकर. चार वाजून एक मिनिटाला पहिला हातोडा पडायचा.

शिरस्त्राण ठोकायला लागले तेव्हा मात्र मी तणतणत वर गेले. म्हटलं, आज एकदाचा सोक्षमोक्ष लावायचा. दार उघडलं तर खैरे तेच डोक्यावर घालून उभे.

"बरं झालं आलात. चाचणी घ्यायचीय. तुमच्याकडे वरवंटा आहे?"

इतक्या आनंदाने मी घरी वरवंटा आणायला आयुष्यात कधी गेले नव्हते. आल्यावर हाणला एक.

"अजून जोरात, सबनीसबाई. संकोच करू नका."

मला संकोच अजिबात नव्हता. सात वेळा हाणला. आत खैरे ठणठणीत. माझं मनगट मात्र चार दिवस सुजलं होतं.

दर रविवारी सकाळी हे गृहस्थ स्कूटरवर चिलखताचं पोतं बांधून वाघोलीकडच्या एका मोकळ्या मैदानावर जातात. पोत्यात जागा उरत नाही म्हणून शिरस्त्राण डोक्यावर. आता पुण्यात साधं हेल्मेट घातलेला माणूसही संशयास्पद वाटतो, हे तर समोरून जाळी लावलेलं लोखंड. चौकातल्या हवालदाराने एकदा थांबवलं. तो दंड करणार होता की नमस्कार, हे त्याचं त्यालाच कळेना. शेवटी त्याने फोटो काढून घेतला.

मैदानावर दहा-बारा जणांचा गट असतो. सगळी आयटीतली तरुण पोरं-पोरी, प्रमुख मृण्मयी नावाची मुलगी. वेताच्या तलवारी, लाकडी ढाली आणि ज्याने त्याने घरी बनवलेली चिलखतं. मी एकदा मुद्दाम बघायला गेले. कौतुकाने वगैरे नाही. पुढच्या सभेसाठी मसाला मिळेल म्हणून. थर्मास आणि छत्री घेऊन कडेला बसले.

या खेळात पंच नसतो, हे मला तिथे कळलं. वार ज्याला लागतो त्यानेच ओरडून सांगायचं, "वार मान्य!" आणि गुडघ्यावर बसायचं. दुसऱ्याने कोणी सांगायचं नाही. ज्याने हा नियम काढला तो पुण्याचा नसणार. इथे धडधडीत चूक झालेली असली तरी समोरच्याचीच कशी, हे पटवण्यात आमच्या पिढ्या गेल्या. पण ती पोरं इमानाने सांगत होती. छातीवर वेत बसला की "वार मान्य!", खांद्यावर बसला की "वार मान्य!" खैरेही सांगत होते, आणि तेही अगदी खात्याच्या आवाजात.

मग मृण्मयीचा वेत त्यांच्या डाव्या नडगीवर बसला. नडगीच्या पत्र्याचा असा खण्णकन आवाज झाला, की माझ्या थर्मासचं झाकण हातातून पडलं. खैरे उभेच.

"काका, लागला!"

"मला जाणवला नाही."

"अहो, आवाज आला ना! सगळ्यांनी ऐकला!"

"आवाज तुम्हाला आला. जाणवायला मला हवा. न जाणवलेला वार मान्य केला तर ती खोटी नोंद होते."

एक मुलगा तर "चीटिंग! चीटिंग!" म्हणून आरडाओरडा करत राहिला. खेळ संपल्यावर मृण्मयी माझ्याजवळ येऊन बसली. रडकुंडीला आली होती. "काकू, वरचे सगळे वार ते लगेच मान्य करतात. गुडघ्याखाली मारलं की मान्यच नाही. कित्येक महिने हेच चाललंय. ग्रुपमधले सगळे म्हणतायत, काका चीटिंग करतात. इथे फक्त शब्दावर चालतं हो सगळं. शब्दच नाही पाळला तर खेळायचं कसं? नेक्स्ट संडेला फायनल विचारणार आहोत. नाही ऐकलं तर सॉरी, पण त्यांना यायचं नाही म्हणून सांगावं लागेल."

मी वरवर हळहळले. आतून काय सांगू, गुदगुल्या होत होत्या. अख्ख्या पेठेचे काटे तपासणारा माणूस स्वतः लबाडी करताना सापडला! घरी येऊन सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लिहिलं, "वजनमापेवाले स्वतःच काटा मारतात, असं आज वाघोलीत निदर्शनास आलं. सविस्तर भेटीअंती." धडाधड हसरे चेहरे आले. एरवी वर्गणीच्या मेसेजला मौन पाळणारेसुद्धा हसले. खैरेही त्या ग्रुपवर आहेत, हे मला माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच लिहिलं. दुसऱ्या दिवशी जिन्यात भेटले, तर भिंतीकडे बघून "नमस्कार" म्हणाले आणि वर गेले.

पुढच्या रविवारी अकराच्या सुमाराला मी दार उघडलं, तर जिन्यावर लालसर डाग. एक सोडून एक पायरीवर, अगदी नेमाने. फरशी नुकतीच पॉलिश केलेली. म्हटलं, चिलखताला कसला तरी रंग लावला असणार आणि सांडत गेले असणार महाशय. माझं डोकंच फिरलं. तशीच वर गेले.

"खैरे, जिना तुमच्या एकट्याचा आहे का? काय सांडलंय ते बघा जरा!"

ते दारातच होते, अजून बूटही काढले नव्हते. वाकून डाग बघितला, बोटाने पुसला, उजेडात धरला.

"हे रक्त आहे," ते म्हणाले. "कोणाला लागलंय?"

मी डागांच्या मागे मागे बघत गेले. ते त्यांच्या डाव्या बुटाखाली संपत होते.

त्यांना खाली बसवून बूट मीच ओढून काढला. मोजा भिजून चिंब झाला होता. तळव्यात कापलेल्या तारेची एक कडी, तोंड उघडं असलेली, अर्धी आत रुतली होती. डब्यातून उडून बुटात पडली असणार. वाघोलीला जाताना, दोन तास खेळताना, येताना तिच्यावर उभा राहिला होता हा माणूस. मी ती ओढून काढली तेव्हा माझ्याच अंगावर काटा आला. खैरे शांतपणे बघत होते, जणू पाय शेजाऱ्याचा आहे. कडी हातात घेऊन म्हणाले, "बाद केलेलीच आहे."

"तुम्हाला दुखत नाही?"

"साखर आहे. गुडघ्याखाली दीड वर्षापासून काही कळत नाही."

माझ्या डोक्यात एकदम लख्ख झालं, आणि पाठोपाठ स्वतःची इतकी लाज वाटली की मी त्यांच्या पायाकडेच बघत राहिले.

"मग त्या मुलांना सांगत का नाही?"

"सांगितलं तर खेळू देणार नाहीत. म्हातारा आजारी आहे म्हणतील, कडेला खुर्ची देतील."

"आणि लबाड म्हणतात ते चालतं?"

खैरे म्हणाले, "छत्तीस वर्षांत एक खोटा शिक्का मारला नाही मी, सबनीसबाई. न लागलेला वार मान्य म्हणणं मला जमत नाही. लागलाय की नाही, हे कळत नाही. काय करू? आज त्यांनी सांगितलं, पुढच्या रविवारपासून येऊ नका." हातातली कडी त्यांनी उगाच फिरवली. "रविवारी तिथे दहा माणसं माझी वाट बघायची. बाकी सहा दिवस भाजीवाला सोडून माझ्याशी कोणी बोलत नाही. आणि तो भीतीने बोलतो."

मी त्यांच्या पायाखालच्या मजल्यावर अकरा वर्षं राहते. पत्रं लिहिली, तक्रारी केल्या, वरवंटा हाणला. साधं "जेवलात का?" असं कधी विचारलं नव्हतं.

डॉक्टर काय म्हणाले ते छापण्याजोगं नाही. पाच रविवार सक्तीची विश्रांती. मग जाड तळव्याचे बूट, आणि बूट घालण्यापूर्वी व काढल्यावर तळवे दुसऱ्या कोणीतरी तपासायचे, या अटीवर सुटका. दुसरं कोणीतरी म्हणजे कोण, हे डॉक्टरांनी माझ्याकडे बघून ठरवूनच टाकलं. व्हॉट्सअ‍ॅपवरचा माझा मेसेज पुसायला गेले तर मुदत निघून गेली होती. म्हणून त्याच्याखाली लिहिलं, "मी खैऱ्यांबद्दल लिहिलं ते चूक होतं. त्यांनी लबाडी केलेली नाही. मी केली." या वेळी हसरे चेहरे आले नाहीत. एवढं एक वाक्य लिहायला मला पाऊण तास लागला. पंच नसलेला खेळ किती अवघड असतो, ते तेव्हा कळलं.

सहाव्या रविवारी आम्ही रिक्षाने वाघोलीला गेलो. आम्हाला बघून पोरांनी तलवारी खाली केल्या. खैरे त्यांच्यासमोर उभे राहिले, ताठ, आणि म्हणाले, "माझे पाय गुडघ्याखाली बधिर आहेत. तुमचे वार लागले असतील. मला कळले नाहीत. हे आधी सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही, ही माझी चूक."

ज्याने सगळ्यात जास्त आरडाओरडा केला होता तो मुलगा बुटाने गवत उकरत राहिला. मृण्मयीच्या डोळ्यांत पाणी आलं. "काका, सांगायचं ना! आपण तुमच्या पायांवर मारायचंच नाही. सिंपल!"

"सवलत नको. सगळ्यांना जो नियम तो मला. पायाचा वार बघून सांगणारं कोणीतरी हवं, इतकंच."

"पण सांगायचं ज्याचं त्यानेच असतं ना, काका?"

"सबनीसबाई सांगतील. त्यांचा शब्द तो माझा शब्द."

मला विचारलं नव्हतं. ज्या बाईने त्यांना अख्ख्या बिल्डिंगमध्ये लबाड ठरवलं, तिच्याच हातात या माणसाने आपला शब्द ठेवला. मला नाही म्हणता आलं नाही.

खेळ सुरू झाला. थर्मास, छत्री सगळं विसरून मी त्यांच्या पायांवर डोळे रोवून उभी होते. मृण्मयी खाली वाकली आणि तिचा वेत त्यांच्या नडगीला चाटून गेला. आवाजसुद्धा नीट झाला नाही. सगळे थांबले आणि माझ्याकडे बघायला लागले.

"लागला," मी म्हटलं.

खैरे वळले. आता कुठे, किती, कोणत्या बाजूने, अशी उलटतपासणी होणार म्हणून मी तयार राहिले.

"तुम्हाला दिसला?"

"दिसला."

"वार मान्य," खैरे म्हणाले आणि गुडघ्यावर बसले.

टाळ्या वगैरे काही वाजल्या नाहीत. पोरांनी पुन्हा आपापल्या तलवारी उचलल्या. जाता जाता त्या गवत उकरणाऱ्या मुलाने खैऱ्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "काका, नेक्स्ट राउंड माझ्याबरोबर." शिरस्त्राणाच्या आत नाक ओढल्याचा आवाज झाला. मी लगेच दुसरीकडे बघितलं. पायांचं बघून सांगायचं एवढंच माझ्याकडे दिलेलं होतं.