खैरनार साहेबांचा बुधवार

"चहा घेणार का?" या प्रश्नाला खैरनार साहेबांनी नुसतं हो किंवा नाही असं उत्तर दिलेलं मी कधी ऐकलं नाही. ते आधी घड्याळाकडे बघत, मग चहावाल्याच्या किटलीकडे, आणि म्हणत, "जर दुपारच्याच पावडरीवर पुन्हा पाणी ओतलं नसेल, आणि चार वाजले नसतील, तर अर्धा." चहावाला खालमानेने अर्धा कप ठेवून जाई. त्याला सवय होती. मला मात्र पहिल्या दिवशी वाटलं, की हे गृहस्थ रागावले आहेत.

ते रागावलेले नव्हते. त्यांचं बोलणंच तसं होतं. बोईसरच्या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या कापड रंगवायच्या कारखान्यात त्यांना समोर सगळे साहेब म्हणत आणि मागे 'जरतर'. ते मूळचे मालेगावकडचे. कुठल्या मशीनवर कुठल्या दिवशी कुठला रंग लागणार, हे ठरवायचं त्यांचं काम. ऐकायला सोपं वाटतं, पण तसं नाही. लिंबू रंगानंतर त्याच मशीनवर मरून लावायचा तर मशीन नुसतं धुतलं तरी चालतं. पण मरूननंतर लिंबू लावायचा असेल, तर मशीन सोडा घालून उकळावं लागतं, नाहीतर लिंबाचा संत्रा होतो. अशा शेकडो भानगडी. साहेबांनी त्या सगळ्या रंगांचे नमुने दाखवणाऱ्या जुन्या शेड-कार्डांच्या कोऱ्या पाठीवर लिहून बिस्किटांच्या चार डब्यांत ठेवल्या होत्या. प्रत्येक कार्ड 'जर'ने सुरू व्हायचं.

बहुतेक कार्डं रंगांची होती, पण सगळी नाही. "जर गिऱ्हाईक 'तातडीचं आहे' म्हणालं, तर दोन दिवस थांबावे. जर ते स्वतः येऊन पंख्याखाली बसलं, तर तातडीचं आहे." एका कार्डावर लिहिलं होतं, "जर एसटीत खिडकी मिळाली, तर तिकीट काढेपर्यंत झोपू नये." हे कारखान्याच्या डब्यात कशाला, असं मी एकदा भीत भीत विचारलं. ते म्हणाले, "तांडेलबाई, नियम सापडला की लिहून टाकावा. तो कुठल्या डब्यात जातो हे नंतर बघता येतं."

मला तांडेलबाई म्हणणारे ते पहिलेच. मी तेव्हा एकवीस वर्षांची होते, बी.एस्सी.ची परीक्षा देऊन निकालाची वाट बघत होते, आणि त्या हाकेला मागे वळून बघायचे, की कोण बाई आली. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मीच पहिली. दातिवऱ्याला बाबांची होडी. पालघरला कॉलेज करता करता मी सहा महिन्यांचा कॉम्प्युटरचा क्लास केला होता, त्या जोरावर कारखान्याने मला तीन महिन्यांसाठी घेतलं. राहायला चिंचणीला आत्याकडे होते. आत्याने बाजारभर सांगून ठेवलं होतं, "आमची भाची कंपनीत हाय. उन्हात नाय."

काम असं होतं. कारखान्याने मुंबईहून एक नवं सॉफ्टवेअर आणलं होतं. तोपर्यंत मी शिकले होते ते असं, की एक नियम बदलायचा तर सगळा प्रोग्रॅम उघडून त्यात शिरावं लागतं. यात नियम वेगळे आणि प्रोग्रॅम वेगळा. नियम साध्या वाक्यात एकेक करून भरायचे, प्रत्येकाला चार रकाने: क्रमांक, जर, तर आणि कारण. मग आठवड्याची कामं सांगितली की ते स्वतःच कुठला नियम कुठे लागतो ते बघून वेळापत्रक काढी, आणि त्याच्या रंगीत पट्ट्या पडद्यावर दाखवी. शिकवायला आलेला माणूस दोन दिवसांत परत गेला आणि एक जाड इंग्रजी पुस्तक ठेवून गेला. ते मोठमोठ्या कंपन्यांतल्या प्रोग्रॅमरांसाठी लिहिलेलं होतं. मी शेजारी डिक्शनरी घेऊन ते दोनदा वाचलं.

मॅनेजर देसाई साहेबांनी मला स्पष्ट सांगितलं होतं. तीन महिन्यांत खैरनारांचे नियम आत गेले आणि शेवटच्या आठवड्याची चाचणी नीट झाली, तर नोकरी कायम. नाही झाली, तर सॉफ्टवेअर परत, आणि माझ्यासाठी मग जागा नाही.

खैरनार साहेबांना कॉम्प्युटरची गरज वाटत नव्हती, कारण त्यांच्याकडे फळी होती. खोलीच्या एका भिंतीवर, दुधावरच्या साईच्या रंगात रंगवलेली. तिच्यावर खिळ्यांच्या रांगा, प्रत्येक मशीनची एक. ज्या मशीनवर जो रंग लागणार, त्याच रंगात बुडवलेला दोरा ते या खिळ्यापासून त्या खिळ्यापर्यंत ताणत. जितके तास, तितका दोरा. दारातून आत आलं की सगळा आठवडा एका नजरेत दिसे. माझ्या पडद्यावर मोरपंखी आणि निळा सारखेच दिसत. ते बघून त्यांनी फक्त एकदा "हं" म्हटलं आणि पुढचे चार दिवस मला एकही कार्ड दिलं नाही.

पाचव्या दिवशी, त्याआधी मागून घेतलेली दोन कार्डं मी भरली आणि कॉम्प्युटर अडला. कार्ड सत्तावन्न म्हणत होतं, की खाकीनंतर राखाडी चालतो. कार्ड दोनशे तीन म्हणत होतं, चालत नाही. साहेब खुर्ची ओढून पडद्यासमोर बसले. बराच वेळ दोन्ही कार्डं हातात धरून होते. मग त्यांनी एका कागदावर स्वतःलाच मेमो लिहिला, 'परस्परविरोधी सूचना दिल्याबद्दल', खाली सही केली, आणि तो मिळाला म्हणून पुन्हा सही केली. "कारणाचा रकाना कोरा ठेवला तर हे पुढे जाऊ देत नाही ना?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "नाही देत." "मग हे शहाणं आहे," ते म्हणाले आणि चारही डबे माझ्या टेबलावर आणून ठेवले.

त्यानंतरचे दोन महिने चांगले गेले. ते वाचत, मी टाइप करी. कारण सांगताना त्यांना उत्साह येई. एखाद्या कारणामागे बिघडलेलं अख्खं थान असे, आणि ते कुणाचं, गिऱ्हाईक काय म्हणालं, हे सगळं ते अभिनयासकट सांगत. फक्त एका कार्डापाशी ते थांबले. तीनशे अकरा: "जर बुधवार, दुसरी पाळी, मशीन तीन, तर फिका रंग, एकच लॉट." कारण विचारलं तर म्हणाले, "बुधवारी वाफेचं प्रेशर पडतं. लिहा." मी लिहिलं.

चाचणीच्या आठवड्यात देसाई साहेब रोज पडदा बघायला येत. मंगळवारी त्यांनी पट्ट्यांवर बोट ठेवलं. बुधवार, मशीन तीन, संध्याकाळी सात ते अकरा, काहीच नाही. काळ्या पडद्यावर पट्टीला मोठा खड्डा पडलेला. गेल्या काही महिन्यांची कामं भरून वेळापत्रकं काढून बघितली, तर दर बुधवारी तोच खड्डा. फळीवर तो कुणाला कधी दिसला नव्हता, कारण साईच्या रंगाच्या फळीवर फिका दोरा कुठे संपतो ते कळतच नाही.

देसाई साहेब शांतपणेच बोलले. प्रोग्रॅम चुकत असेल तर तसं सांगा, नियम चुकत असेल तर तसं सांगा, उद्या दुपारपर्यंत. आणि चाचणी त्यावर ठरेल, असं म्हणून गेले. खैरनार साहेब फळीकडे तोंड करून दोरा ताणत राहिले.

मी बॉयलरवर गेले. तिथला शर्माजी वीस वर्षं वाफ सांभाळत होता. त्याने वही उघडून बुधवारांचे आकडे दाखवले आणि म्हणाला, "मैडम, भाप को क्या मालूम आज कौन सा वार है."

वर येताना जिन्यात मी दोनदा थांबले. मोठ्या माणसाला खोटं ठरवायचं म्हणजे कसं बोलायचं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. शेवटी दारातूनच म्हटलं, "सर, बुधवारी वाफ कमी होत नाही."

त्यांनी चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसला. मग मला बसायला सांगितलं आणि सगळं सांगितलं.

मशीन तीनवर दुसऱ्या पाळीला चिंचणीचे हरेश्वर मेहेर असत. नऊ-दहा वर्षांपूर्वी त्यांची बायको छातीच्या आजाराने पालघरला दवाखान्यात होती. आठ महिने. आठवड्यातून एकदा, बुधवारी संध्याकाळी भेटायला सोडत. पाळी तीन ते अकराची, मेहेरांनी कुणाकडे काही मागितलं नाही. एका बुधवारी साहेबांनी त्यांना फाटकाच्या आतल्या बाजूला उभं राहून पालघरची एसटी जाताना बघताना पाहिलं. काळा रंग लावला तर मशीन आठ तास सोडता येत नाही. फिका चार तासांत उरकतो. आणि मशीन रिकामं तर माणूस मोकळा, हा कारखान्याचा जुना रिवाज. साहेबांनी त्याच दिवशी कार्ड लिहिलं. मेहेरांना कधी सांगितलं नाही.

"आणि त्या?" मी विचारलं.

"ठणठणीत. चिंचणीच्या बाजारात बसते. मला बघितलं की कालची कोलंबी आजची म्हणून देते."

"मग नियम का काढला नाही, सर?"

त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. बोईसर स्टेशनमागच्या खोलीत ते एकटे राहतात, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. माहीत होतं, इतकंच.

"बायको घरी आल्यावर मेहेरला सातला कुठे जायचं नव्हतं," ते म्हणाले. "एका बुधवारी तो वर आला, घरून आणलेलं कोंबडीचं भुजिंग घेऊन. मी सव्वापाचला जातो, पण त्या दिवशी काम होतं. पुढच्या बुधवारी काम नव्हतं, तरी बसलो. तो आठच्या बसपर्यंत असतो. विशेष काही बोलत नाही आम्ही. तो वाऱ्याचं बोलतो. कुठून सुटला, कोण परत आलं नाही अजून."

मी कीबोर्डवर बोटं ठेवून बसले होते. कारणाच्या रकान्यात वाफ लिहिलेलीच होती. आणखी एखादं इंग्रजी वाक्य जोडलं असतं, तर देसाई साहेबांनी कदाचित मानलंही असतं. मी तसं चाचरत सुचवलं.

"नाही," ते म्हणाले. "खोटं कारण लिहिलेला नियम पुढच्या माणसाला फसवतो. माझ्यानंतर या खुर्चीत तुम्ही बसणार आहात. लिहा. तीनशे अकरा, रद्द. कारण: ज्यासाठी केला होता, ते काम झालं."

मी लिहिलं. पडद्यावरच्या पट्ट्या सरकल्या आणि खड्डा काळ्या रंगाच्या लॉटने भरून गेला. देसाई साहेबांना त्यांनी स्वतः जाऊन सांगितलं, "नियम जुना होता, चूक माझी, प्रोग्रॅम बरोबर आहे." शनिवारी चाचणी पूर्ण झाली. सोमवारी मला पत्र मिळालं. ते घेऊन मी कॅन्टीनमागच्या नळावर गेले आणि तोंडावर पाणी मारून घेतलं. आत्याने शेजारच्या चार घरांत नारळाच्या वड्या वाटल्या, आणि बाबा दातिवऱ्याहून इस्त्रीचा शर्ट घालून फक्त पत्र बघायला आले. त्यांना वाचता येत नव्हतं. त्यांनी ते दोन्ही बाजूंनी बघितलं.

पुढच्या बुधवारी दुपारी तीनला मेहेर वेळापत्रकाचा कागद घेऊनच वर आले. "बाई, बुधवारी काला? चुकला नाय ना तुमचा मशीन? आमच्या नशिबात बुधवार फिकाच लिवलेला हाय."

खैरनार साहेब फळीकडे तोंड करूनच म्हणाले, "आता नशीब कॉम्प्युटरवर गेलं, मेहेर."

"मंग सातला?"

"सातला तुमचं मशीन चालू असेल."

मेहेर कागदाची घडी करून खाली गेले.

मी त्या दिवशी मुद्दाम थांबले. सव्वापाच वाजले, साहेब उठले नाहीत. सहा वाजले. त्यांनी दोऱ्यांची रिळं रंगाप्रमाणे लावली, मग मोडून पुन्हा लावली. सातला त्यांनी एकदा दाराकडे बघितलं. मग खणातून शेंगदाण्याची पुडी काढली, चहावाल्याकडून दोन कप भरून घेतले, या वेळी पूर्ण, आणि काही न विचारता, मला काही न सांगता, जिना उतरून खाली गेले.

जिन्याच्या काचेतून खालचं दिसतं. मशीनचा आवाज एवढा, की तिथे शेजारच्या माणसाशीही ओरडून बोलावं लागतं. मेहेरांनी त्यांना येताना बघितलं, बाजूचं रिकामं पिंप उलटं केलं आणि कोपराने पुसलं. साहेब त्यावर बसले. मेहेर एक हात मशीनच्या चाकावर ठेवून काहीतरी सांगू लागले, दुसऱ्या हाताने वारा कुठून आला ते दाखवत. साहेबांना त्यातला शब्द तरी ऐकू येत असेल असं मला वाटत नाही. ते मान डोलावत होते.

मी कॉम्प्युटरवर कापड घातलं, खोलीचा दिवा त्यांच्यासाठी चालू ठेवला आणि चिंचणीच्या बसला निघाले.