विसरा सुरक्षित

माणूस मेला की त्याची जबाबदारी संपते आणि कार्यालयाची सुरू होते. लखनौतली ती सरकारी प्रयोगशाळा याच निष्ठेने चाले. संशयास्पद मृत्यू झाला की पोटातले अवयव बरणीत भरून तिथे येत, आणि बरणीवर सरकारी हिंदीत ठळक लिहिलेलं असे : 'विसरा'.

साताऱ्याहून नव्याने रुजू झालेल्या चंद्रहास गोगट्यांनी ती चिठ्ठी वाचली, आज्ञा मानली आणि ते बरणी कपाटात ठेवून विसरले. (हा इंग्रजी 'व्हिसेरा'चा अवतार आहे हे कळेपर्यंत वरिष्ठांनी त्यांच्या शिस्तीचं कौतुकही केलं होतं.)

पुढे निशातगंजच्या एका कंपाउंडरवर आरोप आला : धाकट्या भावाला झोपेच्या गोळ्या देऊन मारलं. गोमतीकाठी सापडला तो नुसता सांगाडा. एक मुलगा पोत्यात, दुसरा तुरुंगात. म्हातारी आई रोज प्रयोगशाळेच्या फाटकाशी बसे. "डॉक्टर साहब, हड्डी कुछ बोली?"

चंद्रहासांनी हाड कुटलं, भिजवलं, गाळलं, तपासलं. औषधाचा मागमूस नव्हता. त्यांना मनापासून आनंद झाला. अहवाल घेऊन ते हेडक्लार्क, म्हणजे बडेबाबू हरिहर, यांच्याकडे धावले.

"हड्डी का तो कॉलम ही नहीं है, साहब. विसरा मँगवाइए."

"कंकाल में विसरा कहाँ से आएगा?"

"वह थाना जाने."

बडेबाबूंचं बरोबरच होतं. ज्याला आतडीच नाहीत त्याच्यावर विषप्रयोग होणं नियमात बसत नाही. ठाण्याने कळवलं, विसरा नदीत गेला. नदी पाटबंधारे खात्याची, म्हणून त्यांना पत्र गेलं. त्यांनी कळवलं, पाणी आमचं, मासे मत्स्यपालनाचे. मत्स्यपालनाने माशांची नावं मागितली.

घरीही चंद्रहासांच्या तोंडी हाच विषय. शेवटी उल्काताई, त्यांच्या पत्नी, आमटी वाढता वाढता वैतागल्या, "अहो, जेवताना तरी विसरा!"

चंद्रहासांचा घास हातातच राहिला. सकाळी त्यांनी हाडाच्या भुकटीच्या बरणीवर चिठ्ठी डकवली : 'विसरा'.

"देखिए, मिल गया न!" बडेबाबू म्हणाले. अहवाल कोर्टाच्या कचेरीत पोचला. तिथल्या बाबूने बरणीसकट तो कपाटात ठेवला, वर शिक्का मारला : 'विसरा सुरक्षित'. दोन्ही शब्दांचं आजतागायत पालन होत आहे.

माशांच्या नावांना तुम्हीही हसला असाल. चांगलं झालं. आता सांगा, फाटकाशी कोण बसलंय? तुरुंगातल्याचं नावही तुम्ही एकदा विचारलं नाहीत. पण तुमचा दोष नाही. चिठ्ठी अगदी ठळक होती, आणि तुम्हाला मराठी येतं.