बॅटरीत काशीचं पाणी

सात वर्षांपूर्वी आलेल्या एका पोस्टकार्डाला मी अजून उत्तर दिलेलं नाही. ते एका जाड पुस्तकात खूण म्हणून घातलं आणि त्या पानाच्या पुढे ते पुस्तक कधी वाचलं नाही. आता निवृत्त झालोय, म्हणून सांगतो. हसलात तरी चालेल. त्या गावात कोणी हसलं नव्हतं, तेच मला जास्त जड गेलं.

साल शहाऐंशी. खेड्यांना तारांशिवाय टेलिफोन द्यायचा, असं आमच्या खात्यात ठरलं होतं. पण लहरी कुठवर पोचतात ते आधी गावोगाव यंत्र नेऊन तपासायचं. दिवसा वीज नसायची, म्हणून बरोबर ट्रॅक्टरची बॅटरी. हे काम मी हात वर करून मागून घेतलं! माणसांशी बोलताना माझी जीभ अडखळते, पण बॅटरीवरचं पुस्तक तोंडपाठ होतं. "बॅटरीतलं मला कोणी शिकवू नये," असं मी किशनरावांना म्हणालोसुद्धा. किशनराव माझे सोबती. ते गंगाखेडला गच्चीवर दुसरं यंत्र घेऊन बसणार होते.

एस.टी.च्या कंडक्टरनं बॅटरीचं अर्धं तिकीट फाडलं. तिला सीट मिळाली, मी सोनपेठपर्यंत उभा.

सोनपेठहून बोरखडीला बैलगाडी. रस्ता असा, की बॅटरी झिंगलेल्या माणसासारखी डुलू लागली. पडून फुटेल या भीतीनं मी तिला कडब्यावर आडवी केली आणि तान्ह्या बाळाला थोपटावं तसा हात ठेवून बसलो. बॅटरी आडवी ठेवू नये, हे पुस्तकात चौदाव्या पानावर ठळक अक्षरांत आहे. ते पान मला गाव आल्यावर आठवलं. आतलं तेजाब, म्हणजे ॲसिड, टोपणांच्या भोकांतून कडब्यात जिरलं होतं, आणि थोडं माझ्या विजारीत. उतरलो तेव्हा उजव्या मांडीवर कापडाची चाळणी झाली होती.

देवळापुढे सगळं गाव जमलेलं. सरपंच माणिकराव फेटा बांधून तयार. पहिलं बोलणं त्यांचं होतं. बांबूवर एरियल चढला. मी बॅटरीची टोपणं उघडली, तर आत तळ दिसत होता. चाचरत सांगितलं, की यात वाफ गार करून केलेलं शुद्ध पाणी घालावं लागतं, ते बाटलीत मिळतं, परभणीला.

"मंग आणलं न्हाई का?" माणिकराव म्हणाले.

प्रश्न सरळ होता. मी चष्मा पुसला.

तेवढ्यात धुरपताबाई नावाच्या एक म्हाताऱ्या विधवा घरी जाऊन परत आल्या. पदराखाली तोंड झाळून बंद केलेला तांब्याचा गडू होता.

"आमच्या मालकानं काशीहून आणलेला हाय," त्या म्हणाल्या. "दोन गडू होते. एकातलं त्यांच्या तोंडात घातलं, ते जायच्या वक्ताला. ह्यो माझ्यासाठी ठिवलाय. पर फोन आला तर सुरतेच्या लेकीचा आवाज जित्तेपणी ऐकाया मिळंल. घ्या, साहेब."

नको म्हणायला हवं होतं. पण गंगेचं पाणी वर्षानुवर्षं नासत नाही, असं मी कुठंतरी वाचलं होतं. नासत नाही, म्हणजे त्यात काही मिसळलेलं नाही, म्हणजे बॅटरीला चालेल! सिद्धांत तिथंच उभा राहिला. मी गडू फोडायला लावला. सहाही भोकांत पाणी गेलं. बायकांनी हात जोडले, कोणीतरी बॅटरीला कुंकू लावलं.

यंत्रातून किशनरावांचा आवाज आला, "बोल..." आणि पुढे काही नाही. दिवा मंद झाला, विझला. माणिकराव त्यानंतर दहा मिनिटं मुक्या यंत्राला सांगत होते, की मी बोरखडीचा सरपंच बोलायलोय. त्यांना थांबवायची माझी हिंमत झाली नाही.

अहवालाच्या कागदावर दोनच चौकोन होते. लहरी पोचतात, लहरी पोचत नाहीत. तपासणाऱ्यानं बॅटरी आडवी ठेवली, असा चौकोन नव्हता. मी दुसऱ्यात फुली मारली. बोरखडी यादीतून गेली.

महिन्याभरानं ते कार्ड आलं. गावच्या पंडित गुरुजींनी धुरपताबाईंचं बोलणं जसंच्या तसं उतरवलं होतं : "फोन न्हाई आला, त्याचं काई न्हाई. येवढंच कळवा, मालकानं आणलेलं पानी खोटं होतं का? मी तेच त्यांच्या तोंडात घातलंय."

उत्तर लिहायला बसलो, की क्षार, शिसं, तेजाब यांची चार पानं व्हायची. चारही पानांत मी कुठंच नसायचो. फाडून टाकायचो.

काल पुस्तकांना ऊन देताना आमच्या सौभाग्यवती पार्वतीबाईंच्या हाती ते कार्ड लागलं. उभ्याउभ्या वाचून त्या म्हणाल्या, "बाई आहेत का गेल्या, एवढं तरी कधी विचारलंत?"

मी तसाच पोस्टात गेलो. आंतर्देशीय पत्र मागणार होतो; ते चिकटवता येतं, आतलं कोणी वाचत नाही. पण कार्ड घेतलं. कार्ड पोस्टमन वाचेल, माणिकराव वाचतील, गुरुजी सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचून दाखवतील.

"धुरपताबाईंना नमस्कार," मी लिहिलं. "मालकांनी आणलेलं पाणी चांगलं होतं. बॅटरी मी गाडीत आडवी ठेवली, तेजाब सांडलं, ती कुठल्याच पाण्यानं चालली नसती. तुमच्या गावात आवाज आला होता. मी कागदावर खोटं लिहिलं." खाली नाव. आधी बारीक घातलं, मग गिरवलं.

कार्ड पेटीत टाकलं. मग वाकून फटीतून पाहिलं, अडकलं तर नाही ना. अडकलं असतं तर बरं, असंही क्षणभर वाटलं.

नव्हतं अडकलं.